भिंतीवरची नोटीस आणि भाड्याची खोली

मे महिना लागला की पेठांतल्या वाड्यांवर आणि उपनगरांतल्या जुन्या चाळींवर महापालिकेच्या नोटिसा चिकटू लागतात आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही त्यांचाच भरणा होतो. या अंकासाठी निवडलेली पत्रे जुन्या, मूळ बांधणीत वेळोवेळी फेरफार करून भाड्याने दिलेल्या घरांविषयी आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : नारायण पेठेतील एका वाड्यात आमचे बिऱ्हाड आजोबांच्या वेळेपासून आहे. तीन खोल्या आहेत, भाडे दरमहा १४० रुपये. वाडा आता मूळ मालकांच्या पाच वारसांच्या नावावर असून त्यांपैकी एकच पुण्यात राहतात. गेल्या आठवड्यात दिंडी दरवाजावर कलम २६४ ची नोटीस लागली. मालक म्हणतात, "महापालिकेचाच हुकूम आहे, पंधरा दिवसांत खोल्या सोडा आणि या कागदावर सही करा." कागदावर 'स्वखुशीने ताबा दिला' असा मजकूर आहे. सही केली नाही तर पोलीस आम्हाला बाहेर काढतील का?

उत्तर : सही करू नका. आधी एवढे सांगून मग कारणे देतो.

नोटीस वाड्याच्या अवस्थेबद्दल आहे आणि मालकांचा कागद तुमच्या भाडेकरारीबद्दल आहे. या दोन गोष्टी एकाच दिवशी तुमच्या हातात आल्या म्हणून त्या एक होत नाहीत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम २६४ हे मोडकळीस आलेल्या किंवा पडण्याचा संभव असलेल्या बांधकामाविषयी आहे. अशा बांधकामाची दुरुस्ती करा, त्याला टेकू द्या, ते सुरक्षित करा किंवा पाडा, असे आयुक्त मालकाला अथवा भोगवटादाराला, म्हणजे तिथे राहणाऱ्याला, फर्मावू शकतात. तुमची भाडेकरारी संपली, असे सांगण्याचा अधिकार त्या कलमाने कोणालाही दिलेला नाही. भाडेकरूकडून ताबा घ्यायचा तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्ये जी कारणे दिली आहेत, त्यांपैकी एखादे न्यायालयात सिद्ध करावे लागते. घर रिकामे केल्याशिवाय होऊ न शकणारी दुरुस्ती, पाडून नवे बांधणे आणि महापालिकेने पाडण्याचा दिलेला आदेश ही तिन्ही कारणे त्यात आहेत, म्हणजे मालकांना रस्ता आहे. तो न्यायालयातून जातो आणि त्यांना तो टाळायचा आहे, एवढाच या कागदाचा अर्थ. सांगलीतील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१४ साली असा निर्णय दिला की महापालिकेने इमारत पाडल्यामुळे भाडेकरूचा हक्क आपोआप नष्ट होत नाही. वाडा उद्या जमीनदोस्त झाला तरी तुम्ही भाडेकरू राहता. 'स्वखुशीने' लिहून दिलेत तर मात्र हा निर्णय तुमच्या उपयोगी पडणार नाही.

आता ज्या भागाकडे बहुतेक भाडेकरू कानाडोळा करतात, तो. वाडा खरोखरच पडायला आलेला असेल तर हक्काच्या हट्टापायी त्यात राहू नये. अशा वेळी महापालिका पोलिसांची मदत घेऊन इमारत रिकामी करू शकते आणि तिने तशी करणे योग्यही असते. तेव्हा जायचेच झाले तर कागद करून जावे. मालकांना स्पीड पोस्टाने आणि क्षेत्रीय कार्यालयाला हातोहात, पोच घेऊन, असे पत्र द्या की महापालिकेच्या अमुक क्रमांकाच्या नोटिशीमुळे, केवळ जीविताच्या सुरक्षिततेसाठी, भाडेकरू म्हणून असलेले सर्व हक्क अबाधित राखून आम्ही खोल्या तात्पुरत्या रिकाम्या करीत आहोत. पत्रावर सर्व बिऱ्हाडांनी सह्या कराव्यात. भाडे पुढेही मनीऑर्डरने पाठवत राहावे. मालकांनी ती नाकारली तर 'स्वीकारण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आलेला कागद जपून ठेवावा, कारण थकबाकीचे निमित्त पुढे होऊ नये.

बाहेर पडण्यापूर्वी खोल्यांची मोजणी करून घेणे हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे, आणि नेमके तेच राहून जाते. जुन्या भाडेपावतीवर पुष्कळदा 'पहिला मजला, तीन खण' एवढेच लिहिलेले असते. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा, आणि तिची रुंदी वाड्यावाड्यात वेगळी. शिवाय पोटमाळा, स्वयंपाकघरामागची न्हाणी, जिन्याखालची कोळशाची जागा, मागच्या चौकातला ओटा यांचा उल्लेख कुठेच नसतो. वाडा पडल्यावर यांपैकी काहीही दाखवता येत नाही. म्हणून महापालिकेकडे नोंद असलेल्या अभियंत्याकडून प्रत्येक बिऱ्हाडाचा चटईक्षेत्राचा, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरातल्या जागेचा, नकाशा करून घ्या, मोजणीच्या दिवशी हजर राहण्याचे पत्र मालकांना आधी द्या आणि त्या नकाशाची एक प्रत क्षेत्रीय कार्यालयात दाखल करून महापालिकेने भाडेकरूंची व त्यांच्या क्षेत्राची नोंद घ्यावी अशी लेखी मागणी करा. सोबत भाडेपावत्या, वीजबिले, आजोबांच्या नावाची शिधापत्रिका, असेल तो पत्रव्यवहार यांच्या प्रती जोडा.

यानंतर नोटीस पुन्हा एकदा सावकाश वाचा. तिच्यात 'धोकादायक भाग उतरवून घ्यावा' असे लिहिले आहे की 'संपूर्ण इमारत पाडावी' असे? तुमच्याकडे आलेली तोंडी आवृत्ती मालकांची आहे. पुष्कळ नोटिसा एखाद्या कलत्या भिंतीपुरत्या किंवा मागच्या सोप्यापुरत्या असतात.

आणि संरचनात्मक तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, झाले असेल तर ते कशाचे झाले ते पाहा. वाड्याच्या अहवालात काँक्रीटसाठी असलेल्या रिबाऊंड हॅमर चाचणीचे आकडे भरलेले दिसले, तर तो अहवाल करणाऱ्याने वाडा पाहिलाच नाही असे मानायला हरकत नाही. वाडा उभा असतो सागवानी खांबांवर आणि तुळयांवर. पांढऱ्या मातीच्या नाहीतर विटांच्या भिंती त्यांच्या मध्ये असतात. तपासायची ती ठिकाणे ठरलेली आहेत: खांबाचा जोत्यावर टेकलेला बुंधा, भिंतीत शिरलेली तुळईची टोके, वाळवी, ओळंब्यातून ढळलेली भिंत. १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतील वाड्यांत पाणी शिरले होते, आणि तेव्हा भिजलेली जोती नंतर वरवरच्या गिलाव्याखाली झाकली गेली असतील तर तेही पाहायला हवे. मात्र वाडे पडतात ते बहुधा पुढच्या काळातल्या सोयींमुळे. एकाच बिऱ्हाडाचे चार केले, प्रत्येकाला स्वतंत्र संडास-न्हाणीघर हवे झाले, आणि ते थेट कडीपाटावर, म्हणजे लाकडी तुळया आणि फळ्यांच्या जमिनीवर, विटा आणि फरशी रचून बांधले. सांध्यातून झिरपणारे पाणी खालच्या तुळईला आतून कुजवते आणि वरून फरशी शाबूत दिसते. हे फेरफार मालकाने केले असतील तसे भाडेकरूंनीही केलेले असतात. तुमच्या वाड्यात ते कोणी, केव्हा आणि कोणाच्या परवानगीने केले हे आताच आठवून लिहून ठेवा, कारण परवानगीशिवाय पक्के बांधकाम करणे हे भाडेकरूला काढण्याचे एक कारण कायद्यात आहे.

दुरुस्ती मालक करीत नसतील तर भाडेकरूंनी करावी का, असेही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. घर दुरुस्त ठेवणे हे भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १४ नुसार मालकाचे कर्तव्य आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने ते केले नाही तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही. तुमचे वर्षाचे भाडे १,६८० रुपये, त्याचा चौथा हिस्सा ४२० रुपये. त्यात सिमेंटची एक गोणी येईल. कायद्याने दिलेला हा उपाय भाडे जिथे बाजारभावाच्या जवळपास आहे तिथेच चालतो. तुमच्यासारख्या वाड्यात सर्व बिऱ्हाडांनी वर्गणी काढून, मालकांना आणि महापालिकेला आधी कळवून, निदान टेकू लावून घेणे हाच व्यवहार आहे. असा खर्च केल्याने मालकी मिळत नाही, पण जीव वाचतो आणि भाडेकरूंनी हलगर्जीपणा केला नाही याची नोंद राहते.

प्रश्न : विलेपार्ले येथील आमची तीन मजली इमारत पागडीची आहे. मालकांच्या अभियंत्याने ती 'सी-१' ठरवली, तर आम्ही भाडेकरूंनी केलेल्या तपासणीत ती 'सी-२ ब' आली. महापालिकेने मालकांचा अहवाल मान्य केल्यासारखे पत्र पाठवले आहे. कोणाचा अहवाल खरा धरायचा?

उत्तर : तो निर्णय तुम्ही, मालकांनी किंवा वॉर्ड ऑफिसातल्या एका अभियंत्याने परस्पर करायचा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली मुंबईतील धोकादायक इमारतींबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत परस्परविरोधी अहवाल आल्यास प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे पाठवावे असे स्पष्ट आहे. तुमचा अहवाल त्याच्या सर्व परिशिष्टांसह तत्काळ दाखल करा, समितीकडे प्रकरण पाठवण्याची लेखी मागणी करा आणि मालकांच्या अहवालाची प्रत मागा.

इतर वाचकांसाठी वर्गवारी सांगतो: 'सी-१' म्हणजे अतिधोकादायक, राहण्यास अयोग्य, तत्काळ रिकामी करून पाडण्याजोगी, 'सी-२ अ' म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याजोगी, 'सी-२ ब' म्हणजे रहिवासी असतानाच जिची संरचनात्मक दुरुस्ती होऊ शकते अशी, 'सी-३' म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. 'सी-१' आणि 'सी-२ ब' यांच्यातला फरक अभियांत्रिकीचा आहे खरा, पण पुनर्विकासाच्या भूखंडावर तो पैशांचाही होतो. रिकामी इमारत विकासकाला सोपी आणि भरलेली अवघड. म्हणून दोन्ही अहवालांतले निष्कर्षाचे पान बाजूला ठेवून चाचण्यांची पाने पाहावीत: किती खांबांची अल्ट्रासोनिक चाचणी केली, काँक्रीटचे नमुने कुठून काढले, सळ्यांचा गंज किती ठिकाणी उघडून पाहिला, छायाचित्रांवर तारखा आहेत का. तळमजल्यावरच्या दोन खांबांवरून सगळ्या इमारतीचा निवाडा केलेले अहवाल मी पाहिले आहेत. तसेच भाडेकरूंच्या समाधानासाठी गंजक्या सळ्यांकडे डोळेझाक केलेलेही पाहिले आहेत. समितीने 'सी-१' कायम केले, तर त्यानंतर पाणी आणि वीज तोडली जाऊ शकते. त्या टप्प्यावर भांडत बसू नये.

त्याच मार्गदर्शक तत्त्वांनुसार इमारत रिकामी करण्यापूर्वी भाडेकरूंची यादी आणि प्रत्येकाच्या ताब्यातील क्षेत्र यांची नोंद महापालिकेने करायची असते. ती झाल्याशिवाय चावी देऊ नका. उपनगरातल्या तुमच्या इमारतीला उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतींचे नियम लागत नाहीत. तिचा पुनर्विकास मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीच्या नियम ३३(७)(अ) खाली होऊ शकतो. गिरगाव, परळ, दादर अशा शहर भागातील उपकरप्राप्त इमारतींची गोष्ट वेगळी आहे. १९६९ च्या कायद्याने जेव्हा दुरुस्ती मंडळ नेमले गेले, तेव्हा अशा १९,६४२ इमारती त्याच्या कक्षेत होत्या. तेथे म्हाडा कायद्याच्या कलम ७९-अ नुसार इमारत धोकादायक ठरल्यावर पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्यासाठी मालकाला सहा महिने मिळतात. त्याने दिला नाही तर भाडेकरूंच्या नियोजित गृहनिर्माण संस्थेला आणखी सहा महिने, आणि त्यानंतर म्हाडा. उपनगरातील भाडेकरू या कलमाच्या भरवशावर राहतात आणि मोक्याचे महिने घालवतात, म्हणून हा खुलासा.

प्रश्न : मुलगा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी परभणीहून पुण्यात गेला आहे. सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर प्लायवूडच्या भिंती घालून केलेल्या 'कॉट बेसिस'च्या खोलीत तो राहतो. एका खोलीत सहा कॉट आहेत, खिडकी प्लायच्या पलीकडे गेली आहे, जिना लाकडी आणि एकच, आणि जिन्याखाली मेसचे गॅस सिलिंडर ठेवलेले असतात. करार नाही, भाडे रोख घेतात. मी जाऊन हे पाहिले तेव्हापासून झोप नाही. तक्रार कुठे करावी?

उत्तर : तक्रारीचा क्रम पुढे सांगतो, पण मुलाची जागा आधी बदला. लाकडी जिना आणि त्याखाली सिलिंडर, एवढे वाचल्यावर दुसरा सल्ला देता येत नाही. आग लागली तर पहिल्यांदा जिनाच पेटेल आणि वरच्या मुलांना उतरायला दुसरी वाट नाही.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहण्याची खोली किमान साडेनऊ चौरस मीटरची, म्हणजे सुमारे १०२ चौरस फुटांची, आणि किमान २.७५ मीटर उंचीची असावी लागते, आणि तिला उजेड-वारा थेट बाहेरून मिळावा लागतो. प्लायवूड घालून एका खोलीच्या तीन केल्या की यांपैकी एकही अट उरत नाही. पोटमाळ्यावर टाकलेली कॉट तर कोणत्याच नियमात बसत नाही. वाडा ज्या काळी बांधला तेव्हा हे नियम नव्हते, आणि वाडा म्हणून तो तसाच राहू शकतो. पण कुटुंबाच्या घराचे वसतिगृह केले की वापर बदलतो आणि बदललेल्या वापराला परवानगी लागते. विनापरवाना विकासासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात एक महिना ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. याशिवाय महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन दलाला द्यायचे असते. ते प्रमाणपत्र दाखवा, असे त्या चालकाला विचारून पाहा. उत्तरावरून बाकीचे कळेल.

करार नसल्याने तुमची बाजू लंगडी आहे, असे तुम्हाला वाटते. कायदा याच्या उलट सांगतो. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे; ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. अनामत किती दिली, महिन्याला किती ठरले, हे तुमच्या मुलाचे म्हणणे. पुढच्या महिन्याचे पैसे रोख देऊ नका, खात्यावर पाठवा, आणि आधी रोख दिलेल्या अनामतीचा उल्लेख असलेला एखादा संदेश चालकाकडून मिळवून ठेवा.

अनामत हातात आली की तक्रार करा, आणि ती तीन ठिकाणी एकाच मजकुराची करा: महापालिकेचा बांधकाम विभाग, अग्निशमन दल आणि स्थानिक पोलीस ठाणे. प्रत्येक अर्जावर आवक क्रमांक घ्या. अर्जात भावना कमी आणि मापे जास्त असू द्यात: मजला, कॉटची संख्या, जिन्याची रुंदी, सिलिंडरची जागा, तारखेसह छायाचित्रे. मिळकतकराच्या नोंदीवर नाव मूळ मालकाचे असते आणि कॉट चालवणारा तिसराच कोणीतरी असतो. नोटीस चुकीच्या माणसाला गेली की तीन महिने तिथेच जातात, म्हणून दोघांचाही उल्लेख करावा. महिन्याभरात काही हालचाल झाली नाही तर माहिती अधिकाराखाली त्या आवक क्रमांकावर काय कार्यवाही झाली, एवढा एकच प्रश्न विचारावा.

एक गोष्ट पालकांनी जाणून तक्रार करावी. महापालिकांची यंत्रणा जुन्या घरांच्या बाबतीत जवळजवळ पूर्णपणे तक्रारीवर चालते. तक्रार येईपर्यंत कोणी पाहत नाही, आणि आल्यावर जागेला सरळ टाळे लागते. त्या वाड्यातल्या उरलेल्या मुलांना, परीक्षा तोंडावर असताना, दोन दिवसांत गाशा गुंडाळावा लागू शकतो. मुलांना आधी सांगा, त्यांनाही जागा शोधायला आठवडाभर मिळू द्या. तक्रार मात्र टाळू नका. त्यांच्या जागी पुढच्या महिन्यात नवी सहा मुले येणार आहेत.

प्रश्न : मी ६८ वर्षांची विधवा आहे. जुन्या नाशकात आमचा वाडा आहे, नऊ भाडेकरू आहेत आणि सगळे मिळून महिन्याला ११५० रुपये भाडे येते. महापालिकेची दुरुस्तीची नोटीस आली. कंत्राटदाराने चौदा लाखांचा अंदाज दिला. तुमच्या सदरात नेहमी भाडेकरूंची कैफियत असते. माझ्यासारखीने काय करावे?

उत्तर : तुमचा आक्षेप रास्त आहे आणि तुमची अडचण खरी आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धाच्या आणि फाळणीच्या काळातील टंचाईवरचा तो तात्पुरता इलाज पन्नास वर्षे चालू राहिला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने या गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी आता अवाजवी झाल्या आहेत असे स्पष्टपणे म्हटले. त्यानंतर १९९९ चा कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने दरवर्षी चार टक्के वाढ दिली. शंभर रुपये भाडे असेल तर पहिल्या वर्षाची वाढ चार रुपये. मूळ आकडाच हास्यास्पद असताना त्यावर टक्केवारी देऊन काही साधत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. जुनी घरे कोसळण्यामागे मालकाचा लोभ जितका असतो, तितकेच हे गणितही असते.

तरीही ज्या वाटा आहेत त्या वापरा. पहिली गोष्ट, २००० पासूनची चार टक्के वाढ तुम्ही कधी मागितलीच नसेल तर आता नोटीस देऊन मागायला सुरुवात करा. घरपट्टी वाढली असेल तर ती वाढही भाड्यात घेता येते. दुसरी, साध्या डागडुजीच्या पलीकडची सुधारणा किंवा रचनेत बदल करायचा असेल तर सत्तर टक्के भाडेकरूंच्या लेखी संमतीने त्या खर्चाच्या वार्षिक पंधरा टक्क्यांपर्यंत भाडेवाढ करता येते. नऊपैकी सात सह्या लागतील. चौदा लाखांचा अंदाज भाडेकरूंपुढे ठेवा, दुसऱ्या कंत्राटदाराकडून कौलारू छप्पर, तुळया आणि न्हाणीघरे असा भागवार अंदाज घ्या, आणि तातडीचा भाग वेगळा काढा. पावसाआधी छप्पर आणि टेकू एवढे झाले तरी नोटिशीचे अर्धे उत्तर होते; तसे महापालिकेला लेखी कळवून उरलेल्या कामासाठी मुदत मागा. तुमचे मौन हे दुर्लक्ष म्हणून नोंदले जाईल.

मोठा उपाय पुनर्विकासाचा. २०२० च्या डिसेंबरपासून मुंबईबाहेरच्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत भाडेकरूंनी व्यापलेल्या जुन्या, धोकादायक इमारतींसाठी जादा चटईक्षेत्राची, म्हणजे त्याच भूखंडावर नेहमीपेक्षा अधिक बांधकाम करू देण्याची, तरतूद आहे. अडचण गावठाणाची आहे: गल्ली अरुंद, भूखंड लांबट, तीन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. एकट्या वाड्यावर ते चटईक्षेत्र वापरताच येत नाही. शेजारचा वाडा त्याच अवस्थेत असेल तर दोन्ही मालकांनी एकत्र बसावे. वास्तुविशारदाकडे जाण्याआधी मालमत्ता पत्रकावर सर्व वारसांची नावे लागली आहेत ना, हे पाहावे. वारसनोंदच नसल्यामुळे वर्षानुवर्षे थांबलेले वाडे प्रत्येक शहरात आहेत.

आणि एक गोष्ट कोणी सुचवली तरी करू नका. दुरुस्तीच्या नावाखाली कौले उतरवून ठेवायची आणि पाऊस आत येऊ द्यायचा, किंवा नळाला तोटी नाही म्हणून पाणीच बंद करायचे, हा मार्ग काही मालक पत्करतात. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, मैला-सफाई या अत्यावश्यक सेवा आहेत आणि त्या तोडणे हा भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ नुसार गुन्हा आहे. तुमची आजची बाजू न्यायालयात सहानुभूतीने ऐकली जाईल अशी आहे. ती एका दुपारच्या सल्ल्याने घालवू नये.

प्रश्न : आम्ही राहतो ती फोर्टमधील इमारत वारसा यादीत आहे. ती पाडता येणार नाही, म्हणून आम्हाला बाहेर काढताही येणार नाही, असे आमचे काही शेजारी म्हणतात. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन आठवा. १८६० च्या दशकात इंग्लंडहून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर वॉटसन्स हॉटेल म्हणून ती उभी राहिली. १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंच्या चलतचित्रांचा भारतातला पहिला खेळ तिथेच झाला. हॉटेल बंद झाल्यावर तिच्या खोल्यांचे तुकडे करून वकिलांची कार्यालये आणि भाडेकरू आले. २००५ साली तिचा दर्शनी भाग अंशतः कोसळला, आणि अखेर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती रिकामी करण्यात आली. त्याच वेळी पाडायची की वाचवायची, यावर तज्ज्ञांत मतभेद चालूच होते. वारसा दर्जा इमारतीला पाडण्यापासून काही अंशी वाचवतो, राहणाऱ्याला रिकामी करण्याच्या आदेशापासून वाचवत नाही. मोजणी आणि पत्र यांविषयी पहिल्या उत्तरात लिहिले आहे, ते तुम्हालाही लागू आहे.

प्रश्न : आमच्या चार मजली इमारतीच्या तळमजल्याचा गाळा मालकांनी नव्या भाडेकरूला दिला. तो गेले तीन दिवस आतून तोडफोड करीत आहे. वरच्या मजल्यावर भिंतीला तिरपी भेग गेली आहे. संस्थेची सभा पुढच्या रविवारी आहे. तोपर्यंत काय करावे?

उत्तर : सभेची वाट पाहू नका. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमध्ये एक निवासी इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावर नूतनीकरणाचे काम चालू होते आणि त्यात खांबांना धक्का लागल्याचा आरोप झाला. आजच महापालिकेच्या आपत्ती कक्षाला आणि पोलीस ठाण्याला फोन करा, काम थांबवण्याची लेखी मागणी वॉर्ड ऑफिसात द्या आणि खांब किंवा तुळई उघडी पडली आहे का, हे बांधकाम अभियंत्याकडून आजच पाहून घ्या. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख आणि वेळ लिहा. उद्या सकाळी भेग खुणेपलीकडे गेलेली दिसली, किंवा दारे अडकू लागली, तर अभियंत्याची वाट न पाहता सर्व मजले रिकामे करा आणि अग्निशमन दलाला बोलवा.